कॉम्प्युटरमधल्या हिशेबाची उगवण तपासली का?



आज बोलायचंय ते कॉम्प्युटरमधल्या हिशेबाबद्दल. विषय ऐकून लगेच उठू नका. ज्यांच्या घरी कॉम्प्युटर नाही त्यांनी तर जास्तच लक्ष द्या, कारण कॉम्प्युटर तुमच्या घरात नसला तरी तुमच्या पैशांचा हिशेब त्यात असू शकतो.

आपल्या गटांच्या वह्या आहेतच. बैठकीची वही, रोजकीर्द, खतावणी, प्रत्येकीचं पासबुक. पण गेल्या काही वर्षांत त्याच्या जोडीला कॉम्प्युटर आला. ग्रामसंघाचा महिन्याचा तक्ता, कोणाकडे किती कर्ज आणि किती हप्ते राहिले, मसाला-पापडाच्या ऑर्डरी, बिलं, बँकेला द्यायचे प्रस्ताव, प्रदर्शनातले फोटो, सगळं त्याच्यात. आणि हा कॉम्प्युटर ऑफिसातला नसतो. बहुतेक ठिकाणी तो कोणाच्या तरी घरचा असतो. सचिवताईंच्या मुलीला कॉलेजसाठी घेतलेला, नाहीतर लेखापाल ताईंच्या दिराचा. त्यात पोरांचे गेम, दिराच्या लग्नाचे फोटो, आणि त्याच गर्दीत 'गट' नावाचं एक फोल्डर. म्हणजे पंधरा गटांच्या बायकांचा हिशेब एका घरातल्या एका डब्यात.

रोख पैशाच्या बाबतीत आपण असं कधी करतो का? पेटी एकीकडे, किल्ली दुसरीकडे, आणि पेटी उघडायची ती सगळ्यांसमोर. हा शहाणपणा आपल्याला कोणी शिकवावा लागला नाही. कॉम्प्युटरच्या बाबतीत मात्र तो आपल्याला आठवत नाही.

आमच्या प्रभागातल्या एका ग्रामसंघात काय झालं ते सांगतो. कॉम्प्युटर आधी हळू चालायला लागला, मग एक दिवस सुरूच होईना. घरातल्या पोराने तो तालुक्याच्या गावी दुरुस्तीला नेला. दुकानदाराने रीतसर विचारलं, "विंडोज नव्याने टाकावं लागेल, काही महत्त्वाचं आहे का आत?" पोरगा म्हणाला, "सगळं डी ड्राइव्हला आहे, सी उडवा." त्याचे सिनेमे आणि फोटो खरंच डी ड्राइव्हला होते. ग्रामसंघाचे तक्ते मात्र ताईंनी रोज पटकन सापडावेत म्हणून समोर डेस्कटॉपवर ठेवले होते. आणि डेस्कटॉप हा सी ड्राइव्हचाच भाग असतो. कॉम्प्युटर नव्यासारखा पळत घरी आला. दोन वर्षांचे तक्ते गेले.

वह्यांवरून ते पुन्हा तयार करायला दिवाळीपासून संक्रांत उजाडली. बँकेचा प्रस्ताव तेवढा लांबला. पण खरा त्रास वेगळाच झाला. एका सभासद ताईंचे मधले तीन हप्ते घाईत कॉम्प्युटरवर चढवले होते, वहीत 'नंतर लिहू' म्हणून राहिले होते. आता वही म्हणते बाकी आहे, ताई म्हणतात भरले. त्या खोटं बोलत नाहीत हे सगळ्यांना माहीत होतं. तरीही चर्चा झाली, आवाज चढले, आणि त्या दोन महिने बैठकीला आल्या नाहीत. शेवटी बँकेच्या स्टेटमेंटवरून तारखा आणि रकमा जुळवून प्रश्न मिटला. नवऱ्याला न सांगता मजुरीतून हप्ता भरणाऱ्या बाईला "तू भरलासच कशावरून?" असं विचारलं जाणं काय असतं, ते तुम्हाला आम्ही सांगायला नको.

म्हणून बॅकअप. शब्द इंग्रजी असला तरी गोष्ट आपल्या स्वयंपाकघरातली आहे. दही कितीही छान लागलं तरी आपण सगळं संपवत नाही, विरजणापुरतं वाटीत बाजूला काढतो. बॅकअप म्हणजे तेवढंच. कॉम्प्युटरमधल्या कामाची दुसरी प्रत वेगळ्या जागी काढून ठेवायची. आणि रिस्टोअर म्हणजे मूळ गेल्यावर त्या प्रतीवरून काम पुन्हा उभं करायचं. लोक पहिल्या अर्ध्याबद्दल बोलतात, दुसऱ्याबद्दल कोणी बोलत नाही. आपण आज दोन्हीबद्दल बोलू, आणि दुसऱ्याबद्दल जरा जास्त.

आधी 'वेगळी जागा' म्हणजे काय ते स्पष्ट करू, कारण इथेच फसगत होते. कितीतरी जणी आम्हाला सांगतात, "आम्ही सीवरून डीवर कॉपी करून ठेवतो की." बायांनो, घरच्या बऱ्याचशा कॉम्प्युटरमध्ये सी आणि डी या एकाच हार्ड डिस्कच्या दोन खोल्या असतात. मधली भिंत नावापुरती. घराला आग लागली तर दोन्ही खोल्या जळणार. विंडोज बिघडलं तर डीवरचं वाचेल, हे खरं. पण डिस्कच बिघडली, वीज पडून उडाली किंवा कॉम्प्युटरच चोरीला गेला, तर सीही गेलं आणि डीही गेलं. तीच गोष्ट एका फोल्डरमधून दुसऱ्या फोल्डरमध्ये केलेल्या कॉपीची.

जगभर याचा एक सोपा हिशेब सांगतात, तीन-दोन-एक. पीटर क्रोग नावाच्या अमेरिकी छायाचित्रकाराने तो लोकप्रिय केला. फोटोग्राफरचं सगळं भांडवल फोटोच, त्यामुळे त्याला ही काळजी जास्त. कामाच्या एकूण तीन प्रती हव्यात, एक मूळ आणि दोन बॅकअप. त्या दोन वेगळ्या प्रकारच्या वस्तूंवर हव्यात, म्हणजे एक कॉम्प्युटरमध्ये तर दुसरी पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरून जोडायच्या हार्ड डिस्कवर. आणि एक प्रत घराबाहेर हवी.

हे शेवटचं 'घराबाहेर' कशासाठी, हे कोल्हापूर-सांगलीकडच्या मैत्रिणींना विचारा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आणि पंचगंगेचं पाणी घराघरांत शिरलं. २०२१ च्या जुलैत महाड-चिपळूणला तेच झालं. अशा वेळी कॉम्प्युटर टेबलावर आणि पेन ड्राइव्ह त्याच टेबलाच्या खणात असेल, तर दोन्ही एकाच पाण्यात जातात. पुराचं गाव नसलं तरी चोर येतो, शॉर्टसर्किट होतं. म्हणून एक पेन ड्राइव्ह सचिवताईंकडे असेल तर दुसरा वस्तीच्या दुसऱ्या टोकाच्या कोषाध्यक्ष ताईंकडे द्या. पेटी आणि किल्लीचाच नियम.

आता प्रत्यक्ष करायचं कसं. पहिलं काम, गटाचं सगळं एका फोल्डरमध्ये गोळा करा. काही डेस्कटॉपवर, काही डाउनलोडमध्ये, काही पोराच्या फोल्डरमध्ये, अशी पसाऱ्याची कॉपी करायला गेलं की काहीतरी राहतंच. 'ग्रामसंघ' नावाचं एक मोठं फोल्डर, त्याच्या पोटात वर्षाप्रमाणे छोटी फोल्डरं. इथून पुढे नवी फाइल तिथेच ठेवायची अशी शिस्त लावा. अर्धी लढाई इथेच जिंकली जाते.

मग पेन ड्राइव्ह लावा. त्यात आजच्या तारखेचं नवं फोल्डर करा. तारीख लिहिताना आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहा, म्हणजे फोल्डरं आपोआप ओळीने लागतात आणि सगळ्यात नवं कोणतं ते एका नजरेत कळतं. 'नवीन', 'नवीन फायनल', 'एकदम फायनल' अशी नावं देऊ नका. आपलं मूळ फोल्डर माऊसच्या उजव्या बटणाने कॉपी करून या नव्या फोल्डरात पेस्ट करा. झालं की दोन्हीकडे उजवं बटण दाबून प्रॉपर्टीज बघा. फाइलींची संख्या आणि आकार दोन्हीकडे सारखा आहे ना? मग इजेक्ट करून पेन ड्राइव्ह काढा. चालू कामात तो उपटून काढला तर फाइल अर्धवट राहू शकते.

आधीच्या महिन्याचं फोल्डर लगेच पुसू नका, निदान तीन महिन्यांची ठेवा. कारण चूक नेहमी त्याच दिवशी लक्षात येत नाही. फेब्रुवारीत कोणीतरी तक्त्यातली एक ओळ उडवली आणि ती एप्रिलमध्ये लक्षात आली, तर कालच्या बॅकअपमध्येही ती ओळ उडालेलीच असणार. जानेवारीचा असेल तर वाचलो. तक्ते आकाराने फार छोटे असतात, जागा खातात ते फोटो. त्यामुळे फोटोंचं फोल्डर वेगळं ठेवलं की हिशेबाचे पाचपन्नास बॅकअपही एका छोट्या पेन ड्राइव्हवर आरामात बसतात.

आणि बॅकअप झाल्यावर पेन ड्राइव्ह कॉम्प्युटरलाच खोचून ठेवायचा नाही. त्याला दोन कारणं. एक आपल्याकडची वीज, ती गेली की कधी आणि कशी येईल सांगता येत नाही. दुसरं म्हणजे फाइलींना कुलूप घालून पैसे मागणारे व्हायरस. २०१७ च्या मे महिन्यात 'वॉनाक्राय' नावाचा असा व्हायरस जगभर पसरला होता, मोठमोठ्या दवाखान्यांचं कामकाज त्याने बंद पाडलं. असा व्हायरस कॉम्प्युटरला जोडलेल्या डिस्कलाही कुलूप घालू शकतो. कपाटात ठेवलेल्या डिस्कला तो काही करू शकत नाही.

हातानं कॉपी करायचा कंटाळा असेल तर विंडोज १० आणि ११ मध्ये कंट्रोल पॅनेलात 'फाइल हिस्टरी' नावाची सोय आहे. बाहेरची हार्ड डिस्क जोडून ती चालू केली की डेस्कटॉप, डॉक्युमेंट, फोटो यांच्या प्रती ती आपणहून काढते, आणि जुन्या प्रतीही ठेवते. आठवड्यातून एकदा डिस्क जोडायची, काम होऊ द्यायचं, काढून ठेवायची. टॅलीवर काम करणाऱ्या गटांनी टॅलीतच असलेली बॅकअप आणि रिस्टोअरची सोय वापरावी.

आता इंटरनेटवरच्या जागेबद्दल. गूगलच्या खात्यात १५ जीबी जागा फुकट मिळते. हिशेबासाठी ती भरपूर आहे. पण त्याच १५ जीबीत मेल, फोटो आणि ड्राइव्ह तिन्ही मोजले जातात. ५ एमबीचा एक फोटो धरला तर तीन हजार फोटोंत जागा संपते. गावाबाहेरची प्रत म्हणून ही सोय उत्तम, पुराचं पाणी तिथवर पोहोचत नाही. फक्त तीन गोष्टी सांभाळा.

खातं कोणाच्या नावाने काढलंय ते बघा. भाच्याने हौसेने आपल्या मोबाइल नंबरवर खातं काढून दिलं, भाचा पुण्याला नोकरीला गेला, नंबर बदलला, आता पासवर्ड विसरल्यावर ओटीपी कुठे जाणार? खातं ग्रामसंघाचं, नंबर पदाधिकाऱ्यांचा, आणि पदाधिकारी बदलले की नंबर बदलायचा असा ठरावच करा. पासवर्ड कागदावर लिहून, पाकिटात घालून, पाकीट चिकटवून गटाच्या पेटीत ठेवा. पासवर्ड कागदावर लिहू नका असं शहरातले लोक सांगतात, पण बंद पेटीतला कागद हा एकाच बाईच्या डोक्यातल्या पासवर्डपेक्षा भरवशाचा आहे, असं आमचं मत. दुसरं, दोन वर्षं खातं कोणी उघडलंच नाही तर गूगल ते बंद करून आतलं पुसू शकतं. त्यामुळे महिन्यातून एकदा तरी उघडा. तिसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. कॉम्प्युटरमधलं फोल्डर ड्राइव्हशी कायमचं जोडून ठेवता येतं, त्याला सिंक म्हणतात. सोयीचं असतं, पण तो आरसा आहे. इकडे फाइल पुसली की तिकडेही पुसली जाते. तिकडच्या कचरापेटीत ती ३० दिवस राहते, मग कायमची जाते. म्हणून सिंक असलं तरी तारखेची वेगळी प्रत हवीच.

सभासदांच्या आधार कार्डाच्या आणि पासबुकाच्या प्रती मात्र सरसकट सगळ्या पेन ड्राइव्हवर फिरवू नका. पेन ड्राइव्ह एसटीत पडला तर कोणाच्या हातात जाईल? ज्या फाइलीत अशी माहिती आहे तिला एक्सेलमध्येच पासवर्ड लावता येतो. आधारची प्रत ठेवायचीच झाली तर फक्त शेवटचे चार आकडे दिसणारं 'मास्क्ड आधार' डाउनलोड करून ठेवा.

आता मुख्य गोष्ट. इथवर सगळं केलंत, पेन ड्राइव्ह दोन घरांत आहेत, ड्राइव्हवर प्रत आहे. झालं का? नाही. अजून तो बॅकअप नाही, नुसता बॅकअपवरचा विश्वास आहे.

सोयाबीनचं घरचं बियाणं आपण पोत्यात भरून ठेवतो. मृगाआधी ते तसंच पेरतो का? शंभर दाणे मोजून घेतो, ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो, पाच-सात दिवसांनी उघडून किती उगवले ते मोजतो. सत्तर किंवा त्याहून जास्त आले तर बियाणं पेरणीजोगं. पोतं भरलेलं दिसतं म्हणून कोणी पेरत नाही, कारण दाणा वरून चांगला दिसतो आणि आतून मेलेला असतो. बॅकअपचंही नेमकं तसंच. पेन ड्राइव्हवर फोल्डर दिसतं, फाइलींची नावं दिसतात, पण उघडायला गेलं की उघडत नाही. म्हणून उगवण तपासायची.

ही काळजी आपल्यासारख्या खेड्यातल्या बायकांनीच घ्यायची आणि मोठ्या कंपन्यांत सगळं नीट चालतं, असं समजू नका. अमेरिकेत पिक्सार ही कॉम्प्युटरवर कार्टून सिनेमे तयार करणारी कंपनी आहे. १९९८ मध्ये त्यांच्या 'टॉय स्टोरी २' या सिनेमाचं काम चालू असताना कोणीतरी चुकून अशी एक आज्ञा दिली की सिनेमाच्या फाइली डोळ्यांदेखत एकामागून एक नाहीशा होऊ लागल्या. काही काळजी नाही, बॅकअप आहे, म्हणून तो काढला, तर कळलं की बॅकअप काही काळापासून नीट होतच नव्हता आणि कोणी तपासलेलाही नव्हता. सिनेमा वाचला तो गॅलिन सुसमन या बाईंमुळे. त्या सिनेमाच्या तांत्रिक कामाच्या प्रमुखांपैकी एक, नुकत्याच बाळंत झालेल्या. बाळाजवळ राहून काम करता यावं म्हणून त्यांनी कामाची प्रत घरच्या कॉम्प्युटरवर ठेवली होती. तो कॉम्प्युटर ब्लँकेटात गुंडाळून, गाडीत घालून, जपून ऑफिसात नेला आणि त्याच्यावरून काम पुन्हा उभं राहिलं. १९९९ मध्ये सिनेमा पडद्यावर आला. इतक्या मोठ्या कंपनीची घराबाहेरची एकमेव चालू प्रत एका ओल्या बाळंतिणीच्या घरी होती, हे ऐकून आम्हाला तर फार बरं वाटलं.

तर उगवण तपासायची कशी? पेन ड्राइव्ह दुसऱ्याच कॉम्प्युटरला लावा. शेजारच्या ग्रामसंघाचा, शाळेतला, सेतू केंद्रातला ओळखीच्या ताईंचा, कोणताही चालेल. ज्या कॉम्प्युटरवर फाइली तयार झाल्या त्याच्यावरच तपासून अर्थ नाही, कारण वेळ येईल तेव्हा तोच बंद पडलेला असेल. तिथे 'तपासणी' नावाचं फोल्डर करा आणि बॅकअप त्यात कॉपी करा. मूळ जागी मूळ फाइलीवर पेस्ट कधीही करू नका. नाहीतर कॉम्प्युटर विचारतो 'बदलू का', आपण 'हो' म्हणतो आणि जुनी प्रत नव्या कामावर बसते. मग फाइली उघडा. सगळ्या नाही जमल्या तर पाच-सहा, पण वेगवेगळ्या वर्षांच्या. नुसती उघडली म्हणून समाधान मानू नका. गेल्या बैठकीची एकूण बचत वहीत किती आहे आणि फाइलीत किती आहे? एका सभासदाचं कर्जखातं तिच्या पासबुकाशी जुळतंय का? ती ताई समोर बसलेली असेल तर आणखी चांगलं. तपासून झाल्यावर दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवरचं ते फोल्डर पुसा आणि त्याच्या कचरापेटीतूनही काढा.

हे करताना एक मजा हमखास होते. फाइल उघडते, आकडे दिसतात, पण नावांच्या जागी सगळी गिचमीड. घाबरू नका, फाइल गेलेली नाही. ती श्री-लिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली आहे आणि तो फॉन्ट या कॉम्प्युटरवर नाही. म्हणजे बियाणं चांगलं आहे, जमीन वेगळी पडली. यावर तात्पुरता उपाय असा की महत्त्वाच्या फाइलीची पीडीएफ करून तीही बॅकअपमध्ये ठेवा, ती कुठेही तशीच दिसते. कायमचा उपाय म्हणजे इथून पुढचं टायपिंग युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाइलवर आपण मराठी लिहितो त्याच पद्धतीने करा. ही अडचण दुरुस्तीच्या गडबडीत कळण्यापेक्षा निवांतपणी कळलेली बरी.

किती वेळा करायचं? बॅकअप दर महिन्याच्या बैठकीनंतर, वह्या मिटण्याआधी. इतिवृत्तात एक ओळ टाका, 'आजच्या तारखेचा बॅकअप घेतला, प्रत अमुक ताईंकडे दिली.' लिहिलं की विसरत नाही, आणि प्रत कोणाकडे आहे हे पंचवीस जणींना माहीत होतं. उगवण तपासणी वर्षातून दोनदा केली तरी पुरे. एक ३१ मार्चला. त्या दिवशी आपलं हिशेबाचं वर्ष संपतं, आणि योगायोग असा की जगभर ३१ मार्च हा 'बॅकअप दिवस' म्हणूनही पाळतात. वर्ष मिटवतानाचा तो बॅकअप कधीच पुसायचा नाही, दरवर्षीचा एक कायम राहू द्या. दुसरी तपासणी दिवाळीच्या साफसफाईत. पेन ड्राइव्हही कायमचा टिकत नाही, वर्षानुवर्षं पडून राहिला तर आतलं पुसट होऊ शकतं. म्हणून तपासताना जुन्यावरचं अधूनमधून नव्यावर घ्या.

हे बोलणं प्रसारित झाल्यावर बऱ्याच जणींचे फोन आले. त्यातले काही प्रश्न छापील अंकासाठी इथे घेतोय.

"बॅकअप नव्हता आणि फाइल चुकून डिलीट झाली, आता?" लगेच कंट्रोल आणि झेड दाबून बघा, नाहीतर रिसायकल बिन उघडा, बहुतेक तिथेच सापडते. पेन ड्राइव्हवरची फाइल डिलीट केली तर मात्र ती रिसायकल बिनमध्ये जात नाही. बिनमध्येही नसेल तर त्या कॉम्प्युटरवर काम थांबवा. पुसलेली फाइल लगेच नाहीशी होत नाही, तिची जागा फक्त मोकळी धरली जाते, आणि नवं काही साठवलं की ते तिच्या डोक्यावर बसू शकतं. गाणी उतरवू नका, फाइल शोधायचं सॉफ्टवेअरसुद्धा त्याच डिस्कवर टाकू नका. जाणकाराकडे न्या. बाहेरच्या पारंपरिक हार्ड डिस्कवरची फाइल सापडण्याची शक्यता चांगली असते. नव्या कॉम्प्युटरमधल्या एसएसडीवर ती कमी असते.

"हार्ड डिस्कमधून टिकटिक आवाज येतोय, पण चालतेय." चालतेय तोवर गटाचं फोल्डर आधी कॉपी करून घ्या, बाकी पसारा नंतर. डिस्क दिसेनाशी झाली की पुन्हा पुन्हा चालू-बंद करून बघू नका, आतलं जास्त खरवडलं जातं.

"कॉम्प्युटर दुरुस्तीला द्यायचाय, काय सांगू?" स्वतः जा, पोराला एकट्याला पाठवू नका. दुकानदार दादांना म्हणा, "आधी डेस्कटॉप, डॉक्युमेंट आणि डाउनलोड यातलं सगळं या पेन ड्राइव्हवर काढून दाखवा, मग विंडोज टाका." कॉम्प्युटर सुरू होत नसला तरी आतली डिस्क काढून दुसऱ्याला जोडता येते, आणि पुष्कळदा आतलं सगळं शाबूत असतं. त्याचे शे-दोनशे जास्त मागितले तर द्या.

"आमचे व्यवहार लोकोस ॲपमध्ये भरले जातात, मग हे कशाला?" ॲपमध्ये भरलेलं सरकारी यंत्रणेत साठतं, ते चांगलंच आहे. पण तुमच्या मसाला उद्योगाची बिलं, गिऱ्हाइकांची यादी, पत्रव्यवहार, फोटो त्यात नाहीत.

"एवढं केल्यावर वह्या बंद करायच्या का?" नाही. वर सांगितलेल्या ग्रामसंघात शेवटी काम निभावलं ते वह्यांनी आणि बँकेच्या स्टेटमेंटने. वही आधी, कॉम्प्युटर नंतर, असाच क्रम ठेवा. आणि महिन्याच्या तक्त्याची एक छापील प्रत सह्या घेऊन फाइलीला लावा.

"जुना कॉम्प्युटर नणंदेच्या मुलाला देतोय." आधी आतलं बाहेर काढा, ती प्रत दुसरीकडे उघडून बघा. मग विंडोजच्या सेटिंगमध्ये 'रिसेट धिस पीसी' मध्ये जाऊन 'रिमूव्ह एव्हरीथिंग' निवडा आणि डिस्क साफ करायचा पर्यायही चालू करा. नुसत्या फाइली डिलीट करून दिलात तर सभासदांची कागदपत्रं कोणीही पुन्हा बाहेर काढू शकतं. याला काही तास लागतात, तेव्हा वीज टिकेल असा दिवस बघून करा.